१५ वर्षे वॉर्डात काम केल्यावर परिचारिकेला मुंबईत दुसरे कोणते काम करता येईल?

मुंबई-ठाण्यात असाल, तर सर्वात आधी आरोग्य विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीए कंपन्यांकडे चौकशी करावी, असे मी मनापासून सुचवेन. कारण तिथे तुमचा वॉर्डातला अनुभव थेट कामी येतो. दाव्याच्या फाइलमध्ये केसपेपर, ताप, नाडी व श्वासाच्या नोंदींचा टीपीआर चार्ट, औषधांच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड असते. एखाद्या अँटिबायोटिकचे बिल सात दिवसांचे लावलेले असून औषधांच्या तक्त्यावर ते चारच दिवस दिल्याची नोंद असेल, तर मुरलेल्या सिस्टरच्या नजरेतून ती तफावत सहसा सुटत नाही. शिवाय या कामात रुग्ण उचलावे लागत नाहीत.

रुग्णालयाशी नाते तोडायचे नसेल, तर संसर्ग नियंत्रण किंवा एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनासाठीचा दर्जा विभाग पाहावा, मात्र तिथे लिखापढी पुष्कळ असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांच्या वैद्यकीय कक्षांतही परिचारिका लागतात. शिकवण्याची आवड असल्यास एम.एस्सी. नर्सिंगचा विचार करावा.

यांपैकी काहीही निवडले, तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी होणारे नूतनीकरण कृपया चुकवू नका. पुन्हा वॉर्डात परतावेसे वाटले, तर तीच नोंदणी लागेल.