संशोधनातली आवड म्हणून काय सांगायचं?

भौतिकशास्त्राच्या अर्जात ‘कृष्णविवरं आणि क्वांटम’ एवढंच लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. विषयाआधी काम बघ. दिवसभर लेसरचे आरसे जुळवायला आवडतं, कोडमधली चूक शोधायला, की कागद-पेन्सिल घेऊन गणित सोडवायला? खगोलशास्त्राच्या ओढीने आलेली बरीच मुलं दुर्बिणीला हातही न लावता पायथॉन या संगणकभाषेत कोड लिहिण्यातच दिवस काढतात. हे पदवीच्या काळातच कळलेलं बरं. लायगो या अमेरिकी वेधशाळेने गुरुत्वीय लहरींची (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांची) मोजमापं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. २०१५ साली टिपलेला पहिला संकेत उतरवून घे, त्यातला गोंगाट गाळून बघ. तासाभरात कंटाळलास तर तेही उत्तरच.

छंद भौतिकशास्त्राच्या कामी आलेच पाहिजेत असं नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन बोंगो वाजवायचे, मजा यायची म्हणून. (कॅफेटेरियात कुणीतरी हवेत फेकलेल्या ताटलीचं डगमगणंही त्यांनी गंमत म्हणूनच सोडवलं, पुढे आठवण सांगताना मात्र फिरण्या-डगमगण्याचं गुणोत्तर उलटं सांगून बसले. जराशी कललेली ताटली फिरते त्याच्या दुप्पट वेगाने डगमगते. काढून बघ.) अर्जात शोभावा म्हणून छंद जोडलास तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो.

पीएचडीचं आत्ताच ठरवायची घाई नको. वैद्यकीय भौतिकी, अर्धवाहक, हवामानाची प्रारूपं, अध्यापन, वाटा पुष्कळ आहेत. मार्गदर्शक निवडताना मात्र त्यांच्या शोधनिबंधांची यादी बघून भुलू नकोस. आधी त्यांच्या गटातल्या विद्यार्थ्यांना गाठ आणि सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात ते विचार.