सेवा केंद्रातल्या डेस्कटॉपमध्ये ४ जीबी डीडीआर३ रॅम आहे, सोबत दुसऱ्या कंपनीची ८ जीबी चालेल का?

चालेल, फक्त तीही डीडीआर३ प्रकारचीच पाहिजे. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. एकीचा वेग १६०० अन् दुसरीचा १३३३ असेल तर दोन्ही १३३३ वर धावतील, सातबारा अन् दाखल्यांच्या कामात तो फरक जाणवत नाही. दारव्ह्यात दुरुस्तीचं दुकान आहे, अशा बेमेळ जोड्या नेहमीच बसवतो. भानगड होते ती ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या पट्ट्यांची. त्यातल्या काही फक्त एएमडी प्रोसेसरच्या मदरबोर्डावर चालतात, इंटेलवर स्क्रीनच येत नाही. म्हणून वर्णन पूर्ण वाचा, नाहीतर यवतमाळहून बदलून मिळेल या बोलीवर आणा. विंडोज ३२ बिट असेल तर आधी ६४ बिट टाका, नाहीतर ४ जीबीच्या वरची रॅम नुसती पडून राहील.