पिवळ्या-तांबड्या टोपीआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सिडनीत येऊन वर्षही झाले नाही, तोच तुला सर्फ लाइफ सेव्हिंग क्लबात, म्हणजे समुद्रात उतरणाऱ्यांचे जीव राखणाऱ्या किनाऱ्यावरच्या मंडळात, स्वयंसेवक व्हावेसे वाटते, हे वाचून आनंद झाला. मात्र तुझ्या पत्रात बुडणाऱ्याला बाहेर काढण्याविषयी जितके आहे, तितके क्लबाविषयी नाही. म्हणून मी आधी क्लबाविषयीच लिहितो.

विसाव्या शतकाच्या आरंभी दिवसाढवळ्या समुद्रस्नान करण्यावरची बंधने सैल झाली आणि सिडनीकर लाटांत उतरू लागले, पण त्यांतल्या बहुतेकांना ना पोहता येत होते ना लाटांची पारख होती. त्या गरजेतून किनाऱ्या-किनाऱ्यावर क्लब उभे राहिले आणि १९०७ मध्ये न्यू साउथ वेल्स या सिडनीच्या राज्यात त्यांची संघटना स्थापन झाली. त्या काळी जीवरक्षक दोर जोडलेला पट्टा बांधून पोहत जाई, आणि वाळूवरचे सहकारी मोठ्या रिळावरून दोर सोडत व त्याला परत ओढून घेत. म्हणजे पोहणारा कितीही तरबेज असला, तरी दोर धरणाऱ्यांवाचून त्याचे चालत नसे. ६ फेब्रुवारी १९३८ या रविवारी सिडनीतल्या बॉन्डायच्या किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी सुमारे अडीचशे लोकांना खोल पाण्यात ओढून नेले. पाच जण दगावले. बाकीचे वाचले, कारण क्लबाचे कितीतरी सदस्य त्या वेळी किनाऱ्यावरच होते. आता रिळाची जागा रेस्क्यू बोर्ड आणि हवा भरलेल्या मोटरबोटीने घेतली आहे, पण माणसे हजर असावी लागतात, हे तसेच आहे.

पहाऱ्याचा बहुतेक वेळ पाण्याबाहेर जातो. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोल वाटेने परत समुद्रात जाते. त्यालाच इथे ‘रिप’ म्हणतात. त्या खोल वाटेवर लाटा कमी फुटतात, त्यामुळे पाणी गडद आणि शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच, सुरक्षित समजून, उतरतो. म्हणून लाल-पिवळी टोपी घातलेले पहारेकरी सकाळी समुद्र पाहून त्यातल्या त्यात सुरक्षित पट्टा ठरवतात, त्याच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळे झेंडे रोवतात, आणि प्रवाह सरकला की झेंडेही सरकवतात. दिवसभर शिटी वाजवून लोकांना झेंड्यांच्या आत बोलावणे हे कंटाळवाणे काम आहे, पण माझ्या मते क्लबाचे खरे काम तेच. ते नीट झाले, तर तुझ्या वाट्याला बचावाचा प्रसंग क्वचितच येईल.

जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरियातील फिलिप आयलंडवर, पहारा नसलेल्या फॉरेस्ट केव्ह्जच्या किनाऱ्याजवळ, एकाच भारतीय कुटुंबातील चार जण बुडाले. आपल्याकडून आलेल्या कित्येकांना झेंड्यांचा अर्थ कोणी सांगितलेलाच नसतो. नदी-विहिरीत पोहलेल्या माणसालाही हा समुद्र अनोळखीच असतो. पाहुण्यांना घेऊन समुद्रावर निघालेल्या मराठी कुटुंबाला तू आपल्या भाषेत चार गोष्टी सांगू शकशील: झेंड्यांच्या आतच पोहा, रिपमध्ये सापडलात तर प्रवाहाविरुद्ध झगडू नका, तरंगत राहा आणि हात वर करा.

आता तुझे पोहणे पुरेल का, या तुझ्या शंकेकडे वळतो. ब्राँझ मेडॅलियन, म्हणजे पहाऱ्यावरच्या जीवरक्षकाची पात्रता, तिच्या प्रशिक्षणासाठी जलतरण तलावात ४०० मीटर अंतर ९ मिनिटांच्या आत पोहावे लागते. तू अजून २०० मीटरला दमतोस, तर या वर्षी तो हट्ट धरू नकोस. तलावात नियमित जा. तोवर क्लबात प्रथमोपचार आणि रेडिओवरून संदेश देणे शीक. रविवारी सकाळी ‘निपर्स’ म्हणून येणाऱ्या पाच वर्षांपासूनच्या मुलांना सांभाळायलाही हात लागतातच, मात्र त्याआधी मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीची सरकारी तपासणी पूर्ण करावी लागते. गणेशोत्सव मंडळात जसे वर्गणी, मांडव आणि रात्रीचा पहारा यांत कार्यकर्ता तयार होतो, तसेच इथे सॉसेज भाजून निधी जमवण्यापासून बोट धुण्यापर्यंत सगळे आपणच करायचे असते. शहरातून आलेला परका माणूस किनाऱ्यावरच्या वस्तीत मिसळतो तो बहुधा या कामांतून, भाषणांतून नव्हे.

तरीही क्लबाला देव्हाऱ्यात बसवू नकोस. १९८० पर्यंत स्त्रियांना ब्राँझ मेडॅलियन घेऊन पहाऱ्यावर पूर्ण सदस्य म्हणून उभे राहता येत नव्हते. काही क्लबांत जुन्या घराण्यांचा गोतावळा आजही जाणवतो, आणि पहिल्या महिन्यात तुझ्याशी कोणी फारसे बोलले नाही, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. पहाऱ्याला वेळेवर येत राहा. एक व्यावहारिक गोष्टही लक्षात ठेव: अनेक किनाऱ्यांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी नगरपालिकेचे पगारी जीवरक्षक असतात, तर स्वयंसेवकांची पाळी शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला येते. सणासुदीच्या आमंत्रणांना नकार देण्याची तयारी घरी आधीच बोलून ठेव.

न्यू साउथ वेल्समधला पहाऱ्याचा मोसम सप्टेंबरअखेरीच्या शालेय सुट्टीपासून एप्रिलअखेरच्या अँझॅक दिनापर्यंत, म्हणजे २५ एप्रिलच्या सैनिक-स्मरणदिनापर्यंत, चालतो. प्रशिक्षणाच्या तुकड्या बहुधा मोसमाच्या सुरुवातीलाच भरतात, तेव्हा इथल्या हिवाळ्यातच (जून ते ऑगस्ट) जवळच्या क्लबात जाऊन नाव नोंदव आणि पोहण्याची चाचणी केव्हा आहे ते विचारून मला कळव.

तुझा शुभचिंतक