गच्चीवरच्या पत्र्याला धरून कोण ठेवतं?

प्रश्न : श्रीवर्धनला दुमजली घर बांधतोय. गळती नको म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घालणार आहे. इंजिनिअरने हिशोबात वाऱ्याच्या आठ लोड केस, म्हणजे वाऱ्याचा भार येण्याच्या आठ शक्यता, धरल्यात. गवंडी म्हणतात, एवढ्या जड स्लॅबच्या घराला वारा काय करणार? कोणाचं ऐकू?
– एक वाचक

उत्तर : घरापुरतं गवंड्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. चिऱ्याच्या भिंती आणि स्लॅब असलेलं दुमजली घर वजनावरच वाऱ्याला पुरून उरतं. मला काळजी वाटते ती तुमच्या शेडची.

वारा समुद्राकडून येतो तसा डोंगराकडूनही येतो. दिशा चार, आणि प्रत्येक दिशेला आतली हवा एकदा बाहेर ढकलणारी, एकदा आत ओढणारी. झाल्या आठ. यात फुगवलेलं काही नाही.

आता आकडे बघा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात तुमच्याच किनाऱ्यावरच्या मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय. त्याचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलो दाब येतो. तुमचा पत्रा पर्लिनसकट, म्हणजे खालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांसकट, भरेल जेमतेम पंधरा किलो! वरून वाहणारा वारा पत्रा वर ओढतो आणि बाजू उघड्या असल्या की खालूनही रेटतो. म्हणून शेडसाठी निर्णायक केस वेगळीच असते : स्वतःचं वजन ०.९ पट, वारा १.५ पट. इथे वजन कमी धरायचं, कारण इथे वजनच आपल्या बाजूचं असतं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी दिवेआगरात एक शेड पाहिली. अख्खा सांगाडा शेजारच्या सुपारीच्या वाडीत आडवा झालेला. वेल्डिंग शाबूत, पत्रेही बरेचसे जागेवर. खांबाच्या तळाची बेसप्लेट उलटी करून पाहिली, तर चारही बोल्ट तिलाच लटकलेले आणि त्यांना कोब्याची, म्हणजे स्लॅबवरच्या थराची, ढेकळं चिकटलेली. बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलेच नव्हते. ते दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा शेडचे खांब घराच्या कॉलमच्या डोक्यावरच येऊ द्या आणि अँकर बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवून घ्या. कडेला आणि कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त असते, तिथे पत्र्याचे स्क्रू जवळजवळ मारा. इंजिनिअरकडून बोल्टचं वेगळं ड्रॉइंग मागून घ्या, आणि गवंड्यांना ते स्लॅब ओतण्याआधी दाखवा.