उद्याच्या ‘मी’वर किती विसंबायचं?

प्रश्न : रात्री मी ठाम ठरवतो की पहाटे उठून अभ्यास करायचा. पहाटे गजर बंद करणारा माणूस मात्र वेगळाच वाटतो. तो मीच असेन, तर असं का होतं?

उत्तर : तो तुम्हीच आहात. रात्री झोप आणि अभ्यास दोन्ही तुमच्यापासून लांब असतात, म्हणून अभ्यासाचा फायदा मोठा दिसतो. पहाटे अंथरूण अंगाखाली असतं आणि परीक्षा काही महिन्यांवर. हाताशी असलेली गोष्ट वाजवीपेक्षा मोठी वाटते. यावरून स्वतःला नालायक ठरवू नका.

भरवसा नोंदीवर ठेवा. असेच मागचे दहा संकल्प आठवून लिहा आणि महिनाभर किती टिकले ते मोजा. दोन टिकले असतील, तर अकराव्याचाही अंदाज तेवढाच धरा. ‘या वेळी वेगळं आहे’ असं आधीच्या आठ वेळांनाही वाटलंच होतं. मग ते आठ नेमके कुठे मोडले ते पाहा. गजर हाताच्या टप्प्यात होता म्हणून मोडले असतील, तर तो पलंगापासून चार पावलं दूर ठेवा आणि वही रात्रीच उघडून ठेवा. ‘जमेल तसा अभ्यास’ असं लिहू नका. ‘गजर वाजला की दिवा लावेन, खुर्चीत बसेन, पहिलं गणित सोडवेन’ असं लिहा. पहिले दोन आठवडे फक्त २० मिनिटं. दोन तासांचा नियम एक दिवस चुकला, की ‘आता गेलंच’ म्हणून सगळाच सोडून दिला जातो.

प्रश्न : मग माझी आजची तत्त्वं उद्याच्या मला बदलताच येऊ नयेत, अशी कायमची सोय करावी का?

उत्तर : डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४च्या ग्रंथात नेमका हाच पेच मांडला. एका रशियन तरुणाला पुढे मोठी जमीन वारशाने मिळणार असते. ती शेतकऱ्यांना द्यावी असं त्याला मनापासून वाटतं, पण वयाबरोबर हे विचार विरतील अशी भीतीही वाटते. म्हणून तो तसा दस्त करतो, पत्नीच्या संमतीशिवाय तो रद्द होऊ नये अशी अट घालतो आणि तिच्याकडून वचन घेतो : मी नंतर कितीही विनवलं तरी संमती देऊ नकोस. पुढे तो खरोखरच विनवतो. तिने कोणाचं ऐकायचं?

माझ्या मते उत्तर बदलाच्या कारणावर अवलंबून आहे. थकवा, मोह, भीती यांच्या भरात मत फिरेल हे आधीच दिसत असेल, तर कुलूप लावा. नव्या माहितीने किंवा अनुभवाने फिरणार असेल, तर ते कुलूप म्हणजे अन्याय. आणि आपण किती बदलू याचा आपला अंदाज कच्चा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, गेल्या दहा वर्षांत खूप बदललो पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही, असा कल सगळ्याच वयांत दिसला.

तेव्हा दार ठेवा, पण जड ठेवा. एका कागदावर निर्णय, त्याची तीन कारणं, तारीख आणि ‘काय घडलं तर मत बदलणं योग्य’ हे लिहा. ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच पुढे लागते. बदलावंसं वाटलं तर कागद वाचा, सात दिवस थांबा, पुन्हा वाचा. दोन्ही वेळी कारण तेच निघालं, तरच बदला आणि नवं कारण जुन्याखाली लिहा. जुनं खोडू नका.