प्रसूतीसाठी पूरक विमा घ्यावा का?

प्रश्न : आम्हा पती-पत्नींचा आरोग्य विमा आहे, परंतु त्यात प्रसूतीचा खर्च धरलेला नाही. साधारण दोन वर्षांनी मूल व्हावे, असा आमचा विचार आहे. विमा प्रतिनिधी प्रसूतीचे पूरक संरक्षण घेण्याचा आग्रह करतात. त्याचा वार्षिक हप्ता प्रसूतीखर्चाच्या कमाल मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याइतका असून प्रतीक्षा कालावधी तीन वर्षांचा आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : या अटींवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रतीक्षा कालावधी संपण्यापूर्वी झालेल्या प्रसूतीचा दावा मंजूर होत नाही, आणि आपल्याला मूल तर त्याआधीच हवे आहे. प्रसूती चौथ्या वर्षी झाली असे धरले, तरी तोपर्यंत चार हप्ते, म्हणजे मर्यादेच्या ८० टक्के रक्कम, आपण स्वतःच भरलेली असेल. केवळ विम्याच्या अटीसाठी मूल लांबणीवर टाकणे तर मला मुळीच पटत नाही.

अपघात कोणी ठरवून करून घेत नाही. मुलाचा निर्णय मात्र बहुधा विचारपूर्वक घेतला जातो, आणि त्यामुळे हे संरक्षण घेणाऱ्यांपैकी बरेच जण दावा करणार, हे गृहीत धरूनच कंपन्या हप्ता, मर्यादा आणि प्रतीक्षा कालावधी ठरवतात.

माझ्या दृष्टीने खरी काळजी नेहमीच्या प्रसूतीखर्चाची नाही, कारण त्याचा अंदाज आधी घेता येतो आणि त्यासाठी पैसे साठवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दहांपैकी सुमारे एक बाळ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्माला येते; अशा बाळाला नवजात अतिदक्षता विभागात काही आठवडे ठेवावे लागले, तर तो खर्च प्रसूतीच्या खर्चाला कितीतरी मागे टाकतो. म्हणून बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते की काही महिन्यांनंतर, आणि ते प्रसूतीच्या तुटपुंज्या मर्यादेतच बसवलेले आहे की मूळ विमा रकमेपर्यंत मिळते, हे प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. मातेच्या गुंतागुंतीच्या उपचारांबाबतही हेच विचारावे. बाळाला पहिल्या दिवसापासून पूर्ण विमा रकमेचे संरक्षण देणारी आणि वर्षभराचीच प्रतीक्षा असणारी योजना मिळाली, तर माझे उत्तर बदलेल. मात्र प्रतीक्षा कालावधी गर्भधारणेपूर्वी पूर्ण व्हावा लागतो की प्रसूतीपूर्वी, हेही पाहावे, कारण एवढ्या फरकाने दावा फेटाळला जाऊ शकतो.

आपल्यापैकी कोणी नोकरीत असल्यास कार्यालयाच्या सामूहिक विम्याची कागदपत्रे आधी वाचावीत; अशा अनेक योजनांत प्रसूतीखर्च प्रतीक्षेशिवाय मिळतो. तसे नसेल, तर हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी वेगळी ठेवावी आणि जन्मानंतर किती दिवसांत बाळाचे नाव मूळ पॉलिसीत समाविष्ट करावे लागते, हे कंपनीला आताच विचारून ठेवावे.