तुझ्या खळ्यावरचंच लिही

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हळदीच्या वेबसाईटसाठी महिन्याला तीस लेख स्वस्तात पाडून देणारा कुणी भेटलाय, अण्णा म्हणतात, "वेबसाईट कोण वाचतंय, फोन नंबर टाक अन् मोकळा हो," आणि तुझा जीव टांगणीला. त्या माणसाने नमुना म्हणून दिलेला लेख वाचला. सुरुवातच अशी: 'हळद ही आरोग्यासाठी अत्यंत गुणकारी आहे.' अरे, हे वसमतच्या हळदवाल्याने सांगायचं? कोणत्याही साईटवर खपेल असं वाक्य तुझ्या काय कामाचं?

तुझ्या खळ्यावरचंच लिही. इंदूरचा मसालेवाला गुणधर्म वाचायला येत नाही. वाण सेलम आहे का, माल कुकरवर वाफेने शिजवला की कढईत, ओलावा किती, पॉलिश एकदा की दोनदा, लांब कांडी आणि गोल गट्टू वेगळे केलेत का, कुरकुमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक कुठल्या लॅबमध्ये तपासला, रंगासाठी लेड क्रोमेट हा विषारी पिवळा रंग तर मारलेला नाही ना, हे त्याला हवं असतं. ही उत्तरं तुझ्या घरात आहेत. अण्णा हळकुंड कानाशी नेऊन मोडतात. खणकन वाजलं तर वाळलंय, नुसतं वाकलं तर अजून ऊन द्यायचं. मग मोडलेली बाजू उन्हात धरून आतला रंग बघतात. हे लिहिलंस कुठे? याचा फोटो तरी काढलास का?

2024 मध्ये वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव मालावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुमची झाली असेल तर तसं स्पष्ट लिही, नसेल तर उगाच मिरवू नकोस.

उसनवारीचा मजकूर म्हणजे रंग मारलेली हळद. गुगलही आता हेच म्हणतंय. 2011 मध्ये त्यांनी शोधनिकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत 'पांडा' नावाचा बदल केला, तेव्हापासून पोकळ पानं मागे पडू लागली. डिसेंबर 2022 मध्ये गुगलचे शोधनिकाल तपासणाऱ्या माणसांसाठीच्या सूचनांत लिहिणाऱ्याचा 'अनुभव' हा निकष आला. मार्च 2024 मध्ये क्रमवारीसाठी ढिगाने पाडलेला मजकूर स्पॅम ठरला. मी त्याच्या कितीतरी आधीपासून घसा कोरडा करतोय. या हट्टापायी कामं गेली, लोक हेकट म्हणाले. म्हणू देत. लातूरच्या एका डाळमिलच्या मालकाला मी विनवलं होतं, तुमच्या मिस्त्रीला बोलू द्या, मी लिहून घेतो. तुरीला तेल-पाणी लावून किती मुरवायची, ऊन कमी असलं की काय करायचं, सगळं त्या माणसाच्या बोटांत होतं. मालकाने दुसऱ्याच मिलचा मजकूर उचलून टाकला. साईटवर 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय' एवढं राहिलं. मिस्त्री पुढे काम सोडून गावी गेले, बोलणं टिपायचं राहूनच गेलं. ही खंत मला आजही टोचते, म्हणून तुझ्यावर आवाज चढतो.

मला लिहिता येत नाही, हे कारण मी ऐकणार नाही. बोलता येतं ना? अण्णा शिजवणीला बसले की फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि त्यांच्याच शब्दांत उतरव. व्याकरण मी बघतो. तीस लेखांचे पैसे लॅबच्या तपासणीवर घाल, तो अहवाल पानावर चढव, तारखेसकट. आधी शिजवणीचं एकच पान कर. रविवारपर्यंत पाठव, अर्धवट असलं तरी चालेल.